रस्त्यावरची झूल

वाशिमजवळच्या मालेगावच्या पंचायत समितीत पंखा गरगरत होता, तरी शीलाच्या मानेवरून घाम ओघळतच होता. टेबलापलीकडे महामार्गाचा साहेब बसला होता. हरीओम त्याचं नाव. दिल्लीच्या खात्याचा माणूस. शर्टाला एक घडी वाकडी नाही आणि आवाजाला एक सूर चढा नाही. त्यानं मोबाईल टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

"देख लीजिए, सरपंच मॅडम. आप ही का गाँव है."

पडद्यावर पिंपळदरा या बंजारा तांड्यासमोरचा चौपदरी रस्ता होता. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सात रंगांचा पट्टा आडवा पसरलेला. खुरप्या घेतलेल्या बाया तांड्याकडून आल्या. पट्ट्यापाशी पोचल्या, चपला काढून हातात घेतल्या, आणि पट्टा सोडून बाजूच्या काळ्या डांबरावरून पळत पलीकडे गेल्या. एका टेम्पोनं करकचून ब्रेक मारला. मागून आणखी दोघी आल्या, त्याही तशाच बाजूनं. मग एक म्हातारी आली. घेरदार फेटिया घोट्यापर्यंत, हातभर पांढऱ्या बांगड्या. शीलानं सासूला चालीवरूनच ओळखलं. नानीबाईनं पट्ट्याकडे पाहिलं, त्याला वळसा घातला आणि ती ट्रकांच्या मधून निघाली.

"रंगावर कोणी पाय ठेवत नाही," साहेब म्हणाला. "सब बाजू से जाते हैं. उद्या कोणी मेलं, तर कोण जबाबदार?"

शीला येताना वाटभर बोलणं जुळवून आली होती. यंदाच्या पोळ्याआधी दुसरीतल्या सेवालालचा पाय याच जागी ट्रकखाली गेला, तेव्हा तुमचे पांढरे पट्टे कुठे होते? दोन महिन्यांत उडून गेले होते. आम्ही अर्ज केले, फोन केले, तुमच्या गाड्यांना आडवे झालो, तुम्ही चुना लावायलाही आला नाहीत. आम्ही रंग दिला तेव्हापासून ट्रकवाले लांबूनच गाडी हळू करतात, हे काय नवीन म्हणून मान काढून पाहतात. हे सगळं तिच्या ओठांवर होतं. तो व्हिडिओ पाहिला आणि त्यातलं काही सांगण्याजोगं उरलं नाही.

बाजूला गटविकास अधिकारी दौलतराव बसले होते. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "शीलाताई, रस्ता केंद्राचा हाय. ग्रामसभेचा ठराव आपला गटारी-नालीपुरता चालते. तिथं नाही चालत."

"गटारीपुरता?" शीला उभीच राहिली. "जमीन घेतली तवा आमचाच ठराव मांगाले आलते ना तुमी? तवा बरा दिल्लीपर्यंत चालला तो! आता सात डबे रंग सांडला तं गटारीपुरता झाला?"

"बसा ताई."

"बसत नाही मी."

हरीओम साहेबानं मोबाईल खिशात टाकला. "एक बात और. ऊपर से पूछा गया है, ये किसका झंडा है. किसी ने फोटो भेजा है. नीचे जो लिखा है, वो मैं आपके सामने बोल नहीं सकता. सडक पे किसी का झंडा नहीं चलेगा. सिर्फ सफेद. परसों हमारी गाडी आएगी, काला मार देगी."

त्या फोटोखाली काय लिहिलंय ते शीलाला ठाऊक होतं. कुण्या मोबाईलवरून कुण्या मोबाईलवर जात ते तांड्यातही आलं होतं. त्यात बादलचं नाव होतं, आणि नावाच्या पुढं असा शब्द होता की तो वाचल्यावर शीलानं फोन भिंतीवर हाणला होता.

बादल तिची नणंद. आधी दीर होती. शीला लग्न होऊन तांड्यात आली तेव्हा बादल चौदा वर्षांचा पोरगा होता, आणि भोजाईच्या, म्हणजे वहिनीच्या, टोपलीतल्या रंगीत दोऱ्यांजवळून हलत नसे. सुई अशी चालवायचा की म्हाताऱ्यांनी बोटं तोंडात घालावी. पुढं त्यानं ओढणी घेतली, आणि मग तांड्यात राहणं कठीण झालं. बादल पुण्याला गेली, शिलाईच्या कारखान्यात लागली, तिथं तिच्यासारख्यांच्यात राहिली. गेल्या दिवाळीला परत आली ती उंचपुरी, गोरीगोमटी बाई होऊन. किशन, म्हणजे शीलाचा नवरा, तीन दिवस भावाशी बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "बहीण नव्हतीच मले. झाली आता." एवढंच. तेव्हापासून शीला कोणी विचारलं तर ठणकावून सांगायची, "माही नणंद हाय. पहिले दीर होती. तुमाले काही तरास?"

सेवालालचा पाय गेला तेव्हा ग्रामसभेत रंगाची गोष्ट बादलनंच काढली. "साधे पट्टे कोणाले दिसत नाही, भोजाई. असं काढू का ट्रकवाला झोपेत असला तरी जागा होईन." मालेगावच्या रहीम पेंटरनं रस्त्याचा टिकाऊ रंग मिळवून दिला. बादलनं खडूनं आखलं. सात रंग घेतले. पुण्यात त्यांच्या मिरवणुकीत हेच रंग असतात, असं तिनं लपवलं नाही, भर सभेत सांगितलं. धनीबाई म्हणाली होती, "अवं, पुण्याचे कायचे? हे तं आपल्या अंगातल्या कांचळीचे रंग!" आणि सगळ्या हसल्या होत्या. मग रंगांवर बादलनं तांड्याचं भरतकाम उतरवलं. कवड्यांच्या ओळी, आरशांचे गोल, त्रिकोणांच्या माळा. बाया गुडघे टेकून दिवसभर रंग भरत होत्या. डांबरावर जणू कोणी बैलाची झूल वाळत घातली होती.

शीलाला वाटलं होतं, तांड्यानं बादलला पदरात घेतलं ते त्या दिवशी.

आणि आता हा व्हिडिओ. शीला सरपंच झाल्यापासून किशनच्या गाडीवर मागे बसून भुर्रकन जायची. बाया कुठून रस्ता ओलांडतात हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. चपला हातात घेऊन वळसा घालून जातात! जणू त्या रंगांचा विटाळ होतो. जणू बादलचा हात लागला म्हणून ते डांबर बाटलं.

मालेगाव ते तांडा ती किशनशी एक शब्द बोलली नाही. तांड्यात गाडी थांबली तशी लिंबाखाली बसलेल्या बायांसमोर जाऊन उभी राहिली.

"शरम नाही वाटत तुमाले?"

बायांच्या सुया थांबल्या. धनीबाईनं चष्मा वर केला. "का झालं वं?"

"तोंडावर गोड बोलता. 'बादल, ह्या कांचळीले कोणता रंग लावू? बादल, हा टाका कसा घालू?' आन् तिनं काढलेल्या रंगावर पाय ठेवाले मरता? ट्रकखाली जाणं कबूल, पण तिच्या रंगावर पाय नाही! दिल्लीवाल्यानं मले भर कचेरीत दाखवलं. तुमच्याच पायानं मारलं मले. परवा काळा फासून राह्यले ते, आन् फासू द्या! तुमाले तं बरंच!"

शीलाच्या आवाजाला धार चढत गेली. तिनं नावं घेऊन घेऊन एकेकीला सुनावलं, सासूलाही सोडलं नाही. "आन् याडी, तू बी? पोटचं लेकरू हाय तुहं!"

बोलता बोलता तिची नजर वर गेली. घराच्या दारात बादल उभी होती. हातात दात कोरायची काडी, डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. सगळं ऐकलं होतं तिनं. ती वळली आणि आत गेली.

तेव्हा नानीबाईनं मांडीवरलं भरत खाली ठेवलं.

"झालं तुहं बोलून?" ती म्हणाली. "तू सरपंच झाली, पण अजून तांड्याची नाही झाली तू. अवं येडे, डोक्यावर पाण्याची घागर ठेवाची, तवा तिच्या खालती जी चुंबळ असते, तिच्यावर जो नक्षीचा डाव असते, तोच काढला माह्या लेकरानं रस्त्यावर. जे डोक्यावर घेतो त्याच्यावर पाय ठेवू मी? आरसे, कवड्या, सारं मांडलं तिथं. मांडलेल्यावर पाय ठेवाची हिंमत नाही होत माही."

"मंग काहून नाही बोलली?"

"काय बोलू? त्यानं हौसेनं काढलं. 'इतकं सुंदर काहून काढलं' म्हणून भांडू का त्याच्याशी?" नानीबाई अजून मुलाला 'तो' म्हणायची, सवयीनं, आणि मग स्वतःच चपापायची. "तिच्याशी," ती म्हणाली.

धनीबाई पुटपुटली, "मी तं चपला काढून नमस्कार करून जातो. आता याले बी कोणी खोट म्हणन तं मरा म्हणावं."

शीलाचा राग तर होताच, पण तो आता कुणावर काढायचा ते कळेना. ती धावत आत गेली. बादल ट्रंकेतले कपडे काढून बॅगेत भरत होती. शीलानं सगळं सांगितलं, हातापाया पडली. बादल कपडे भरत राहिली.

"खरं असन, भोजाई," शेवटी ती म्हणाली. "पण त्या साहेबाच्या मोबाईलमधी तं मी कायची झाली? जिच्या रंगाले तिची माय बी पाय लावत नाही, अशी. तो व्हिडिओ आता कुठं कुठं जाईन. ते काळं मारतीन परवा. ते पाह्यले मी इथं नाही ऱ्हात."

शीलानं बॅग ओढली. बादलनं ती परत घेतली. त्या ओढाओढीत दोघींना एकदा हसू फुटलं आणि तिथंच विरून गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. पिवळी, मागे रंगाची टाकी, दोन मजूर, पुढं पोलिसांची जीप आणि तिच्यात हरीओम साहेब. शीला धापा टाकत पोचली तोवर वाशिमकडून येणारी अर्धी बाजू काळी झाली होती. काळा रंग ओला होता, उन्हात चकाकत होता. खाली कवड्यांची एक ओळ अजून अंधुक दिसत होती, आणि मजूर तिच्यावर दुसरा हात मारत होता. त्या मजुराला शीला ओळखत होती. मंगरूळपीरचा मुन्ना, रहीम पेंटरचाच भाचा.

"मुन्ना, हात जळत नाही का तुहा?"

मुन्ना खाली पाहत म्हणाला, "काकू, मामूनं मले घरातून हाकललं कालच. रोजी हाय माही. काय करू?"

"साहेब," शीला जीपपाशी गेली, "ग्रामसभेचा ठराव हाय. वाचता येते ना तुमाले?"

"मॅडम, ग्रामसभा रोड नहीं बनाती."

"आमच्या वावरातून बनवला तुमी! आमच्या सासऱ्याच्या जोंधळ्यावरून! चार वर्षं पोरं इथं मरता मरता वाचले, तुमचा एक माणूस नाही आला. रंगानं वाचले तं जीप घेऊन आले! पाय तुटला तवा आलते का? सांगा ना, आलते का?"

साहेबानं मोबाईल काढून चित्रण सुरू केलं, पुरावा म्हणून. तांडा रस्त्याच्या कडेला गोळा झाला होता. पुरुष मागे, बाया पुढं. तरी पट्ट्यावर कोणी चढेना. समोर मशीन, आणि पायांपुढं ती झूल. बाया तिच्या काठाशी येऊन थांबल्या, जशा रोज थांबायच्या. साहेबानं मोबाईल त्यांच्या पायांकडे वळवला. शीलाला वाटलं, आपणच जाऊन आडवं पडावं. पण एक सरपंच आडवी पडली तर तिला उचलायला पोलीस आहेतच.

तेवढ्यात गर्दीतून बादल आली. हिरवा फेटिया, खांद्याला बॅग. पलीकडच्या बाजूनं दहाची पुण्याची गाडी मिळते, तिकडे निघालेली. कोणाकडे न पाहता ती काठाकाठानं चालू लागली. तिनंही आपल्याच रंगांना वळसा घातला.

"बादल!"

नानीबाईची हाक. तांड्यातल्या कुत्र्यांनीही मान वर करावी अशी.

"कुठं चालली?"

"जाऊ दे याडी."

"जा ना! अडवते कोण! पण पोरी अशा जात नाहीत आपल्या तांड्यातून. चोरावानी, मुक्यानं." म्हातारी पुढं आली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत खळखळल्या. "तांड्यातून लेक निघते तवा बैल आणतात. बैलावर झूल टाकतात. लेक झुलीवर उभी ऱ्हाते आन् हवेलीचं गाणं म्हणते, तवा जाते. तुले काय ठाऊक नाही? ल्हान होता तवा दर लग्नात बैलामांगं पळे, 'मले चढवा, मले चढवा' म्हणून रडे. मीच पाठीत धपाटे घातले तुह्या." तिनं दम घेतला. "बैल नाही आज. झूल हाय. चढ."

बादल जागची हलेना.

"चढ म्हणते ना!"

"पाय कसा ठेवू त्याच्यावर, याडी?"

"नवरीचा पाय चालते झुलीवर," नानीबाई म्हणाली. "तेवढाच चालते."

वाशिमकडचे ट्रक मशीनमुळे थांबलेलेच होते. मालेगावकडच्या बाजूला किशननं मोटरसायकल आडवी लावली. बादलनं बॅग खाली टाकली. चपला काढल्या. आणि उरलेल्या अर्ध्या झुलीच्या मधोमध, आरशाच्या मोठ्या गोलावर जाऊन उभी राहिली. दोन्ही हात वर केले, जसे नवरी करते. पहिला सूर फाटला. दुसरा लागला. गोरबोलीतलं ते गाणं तिनं तिथंच जोडलं. मराठीत आणलं तर असं काहीसं होईल:

सुखात ऱ्हाय रे, माह्या बापाच्या तांड्या,
तुह्या दारी उडो गाईवासरांची धूळ;
मी चालली, मी चालली, कोणी सांगा मले,
पायाखाली माह्या ही कोणाची झूल?

बापानं देल्ली नाही, भावानं देल्ली नाही,
हिचा एकएक टाका माह्याच सुईनं ओवला;
दिल्लीच्या दादा, डांबर तुहं असन,
त्याच्याखाली निजला माह्या बापाचा जोंधळा.

हवेली रडवेली असते. नवरी म्हणते ती सासरी जाण्याच्या दुःखानं. बादलची हवेली तशी नव्हती. तिचा प्रत्येक सूर हरीओम साहेबाच्या अंगावर फेकलेल्या धोंड्यासारखा जात होता. मुन्नानं रोलर खाली ठेवला.

आणि हवेली म्हणणाऱ्या लेकीला कवेत घेतल्याशिवाय तांड्यातली बाई राहू शकत नाही. तिच्या गळ्यात पडून रडावं लागतं, एकेकीनं, नातं लावून. धनीबाई काठाशी आली. तिनं हात जोडले, झुलीला नमस्कार केला आणि पाय टाकला. "माही बाय वं," म्हणत तिनं बादलच्या गळ्यात मिठी घातली. मग तिच्यामागून दुसरी, तिसरी. अनवाणी, पदर सावरत, साऱ्या बाया रंगांवर चढल्या. रडू एकीचं सुटलं आणि सगळ्यांचं झालं. पण त्या रडण्यात शिव्या होत्या. ज्यानं फोटोखाली लिहिलं त्याच्या सात पिढ्यांना, ज्यानं रोलर पाठवला त्याला, सेवालालचा पाय घेणाऱ्या ट्रकला, आणि ज्यांनी बादलला सहा वर्षं बाहेर ठेवलं त्यांनाही, म्हणजे स्वतःलाही. दोन शिपाई पुढं आले आणि थांबले. बायांच्या त्या गुंत्यातून कोणाचा हात धरायचा, त्यांना कळेना.

सगळ्यांत शेवटी नानीबाई आली. लेकीच्या गळ्यात पडली नाही. तिनं बादलचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "जा आता. हवेली म्हटली, तं जावं लागते. मांगं पाहू नको."

शीलाला वाटलं, ही खरंच पाठवते की काय?

बादल निघाली. रंगांवरून चालत दुभाजकापर्यंत गेली, तिथून ओल्या काळ्या रंगावर उतरली. पाय चिकटत होते, प्रत्येक पावलाला चर्र आवाज येत होता. "अरे रोको, गीला है!" साहेब ओरडला. ती थांबली नाही. पलीकडच्या कडेला पोचली. पुण्याची गाडी तिथं ट्रकांच्या रांगेत अडकून उभी होती. कंडक्टरनं दारातून विचारलं, "चढता का ताई?"

बादल त्याच्याकडे पाहत उभी राहिली. मग वळली.

"गेली ना मी, याडी?" तिकडून ओरडली.

"गेली!" नानीबाई ओरडली.

"मंग माहेरी येऊ का?"

"ये ना! माहेराले इचारते कोण!"

बादल परत आली. त्याच ओल्या काळ्यावरून, तळपाय डांबरासारखे झालेले. दुभाजक ओलांडून ती रंगांवर आली तसे पिवळ्यावर, निळ्यावर, तांबड्यावर तिचे काळे ठसे उमटत गेले. एका बाईनं पदरानं पुसायला हात घातला.

"पुसू नको," नानीबाई म्हणाली. "ऱ्हाऊ दे. लेकीच्या पायानं वाट झाली ती."

आणि ती स्वतः निघाली. वळसा न घालता, रंगांच्या मधून, मग काळ्याच्या मधून. तिच्यामागं धनीबाई. त्यांच्यामागं दप्तरं पाठीला लावलेली पोरं, कारण शाळा पलीकडे होती आणि घंटा कधीचीच झाली होती. ताज्या काळ्या रंगाची पार चाळण झाली.

हरीओम साहेब जीपकडे चालला होता. कुणाशी तरी फोनवर बोलत होता, "कल, सर. कल फोर्स ज्यादा चाहिए." बोलून झाल्यावर त्यानं मोबाईल खिशात टाकला.

शीला त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिली. घसा बसला होता तिचा, तरी आवाज निघाला.

"बंद काहून केला, साहेब? काढा ना व्हिडिओ. काढा! आता चालून राह्यलो आमी."